दाजींचे ग्रीक देव

ग्रीक देवांना आज या जगात कुणाचा खराखुरा आधार उरला असेल तर तो आमच्या दाजींचा. त्यांच्या स्वतःच्या देशात म्हणे आता त्यांना कुणी फूल वाहत नाही. देवळांचे नुसते खांब उभे आहेत आणि त्या खांबांपुढे उभं राहून लोक फोटो काढतात. पण इकडे बहरीनमध्ये, माहूजच्या एका बिल्डिंगीत, दाजींच्या हॉलमध्ये येऊन बघा. झ्यूस आहे, त्याची बायको हेरा आहे, सगळं खानदान आहे, आणि सगळे कसे सुखात नांदताहेत. त्या घरात चहा पिऊन एकाही देवाची भानगड न ऐकता बाहेर पडलेला माणूस मला दाखवा, मी त्याला झल्लाकच्या चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलात जेवायला घालीन. गेली कित्येक वर्षं मी हे आव्हान देतोय, अजून कुणी जेवायला आलेलं नाही.

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. मी कराडकडचा, ते कुडाळजवळच्या एका गावचे. आमच्यात साम्य एवढंच की दोघांच्या बायका एकाच घरातून आल्या आणि त्या घरात आम्हा दोघांनाही कुणी फारसं विचारत नाही. झल्लाकला समुद्राकाठी एक रिसॉर्ट आहे, तिथे दाजी हाउसकीपिंग सुपरवायझर आहेत. म्हणजे चादरी, टॉवेल, साबणाच्या वड्या आणि पाहुण्यांच्या तक्रारी. हे झालं व्हिसावर लिहिलेलं काम. त्यांचं खरं काम गोष्ट सांगणं. गावी असताना ते दशावतारी नाटकात स्त्रीपार्टी करायचे, साडी नेसून राण्या आणि देवी व्हायचे, आणि ती सवय अंगात अशी मुरली आहे की आजही गोष्ट रंगात आली की त्यांचा एक हात आपोआप कमरेवर जातो. मिशा भरघोस, पोट सुटलेलं, अंगात रिसॉर्टचा निळा शर्ट, आणि हॉलच्या मधोमध ते हेरा होऊन नवऱ्याला फैलावर घेत असतात. हसू आवरता आवरत नाही आणि हेराची बाजू पटल्यावाचून राहत नाही.

आता कुडाळच्या माणसाला हे ग्रीक देव भेटले कुठे? तर रिसॉर्टच्या किचनच्या मागच्या दाराशी. तिथे एक म्हातारा ग्रीक शेफ होता. दुपारच्या चहाला दोघं मागच्या पायरीवर धुतलेल्या टॉवेलांच्या गाठोड्यांना टेकून बसायचे. शेफचं इंग्रजी शेफपुरतं, दाजींचं दाजींपुरतं. तो हातवारे करून एकेक गोष्ट सांगायचा, दाजींना त्यातली अर्धी समजायची आणि उरलेली अर्धी ते झल्लाकहून माहूजला गाडी चालवत येताना स्वतः रचायचे. त्यामुळे दाजींचा हर्क्युलिस सिंह मारून घरी आला की आधी पेज पितो आणि जिच्याकडे बघणारा दगड होतो त्या मेडुसाच्या डोक्यावरचे साप कोकणातल्या फुरशांच्या जातीचे असतात. मी एकदा म्हटलं, दाजी, ग्रीसमध्ये फुरसं कुठून येणार? त्यांनी माझ्याकडे फार कीव करून बघितलं. म्हणाले, "साडूभाऊ, तिच्याकडे बघणारो दगड होता. मगे साप खंयचे होते ता कोणी येवन सांगूचा?" यावर कराडकडच्या माणसाने काय बोलावं?

रोजच्या जगण्यात त्यांना जे जे दिसतं त्याचा संबंध कुठल्या ना कुठल्या देवाशी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं नाव पेगासस, म्हणजे पंखांचा घोडा. ही गाडी सिग्नलला बंद पडते आणि मागून हॉर्नचा गजर होतो तेव्हा दाजी शांतपणे सांगतात की घोडा दमला आहे. मआमीरला एक मल्याळी मेकॅनिक आहे, त्याला ते हेफेस्टस म्हणून हाक मारतात. हेफेस्टस म्हणजे देवांचा लोहार. मेकॅनिकची समजूत अशी की हा मराठीतला काहीतरी मानाचा शब्द असावा, म्हणून तोही दर वेळी हातातला पाना खाली ठेवून अदबीने "जी साब" म्हणतो. सीपीआर कार्डाची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, मुदत संपली की दाजींना हर्क्युलिस आठवतो. त्याला बारा अचाट कामं करायला लावली, सिंह मारायला लावला, तबेला धुवायला लावला, पण कार्ड रिन्यू करायला कुणी पाठवलं नाही म्हणून त्याचं नाव झालं, असं त्यांचं म्हणणं. आणि हे ते रांगेत उभे राहून, मागेपुढे असलेल्या बंगाली आणि फिलिपिनो माणसांना हिंदीतून समजावून सांगत असतात. विशेष म्हणजे ती माणसं ऐकतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो तर दाजींचा नंबर आला तेव्हा मागच्या बंगाल्याने विचारलं, "फिर शेर का क्या हुआ?"

आमच्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट तर सांगायलाच हवी. दाजींनी त्यांना दुपारी चहाबरोबर झ्यूसचं सगळं चरित्र ऐकवलं. झ्यूस कधी बैल होऊन जातो, कधी हंस होऊन जातो, कधी पावसाच्या सरी होऊन जातो, आणि जातो तो प्रत्येक वेळी नवीन पोरीकडे. मी आणि बायको अंग चोरून बसलो होतो, की आता सासूबाई उठून आत जाणार. त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "त्याची बायको काही बोलत नाही का?" दाजी म्हणाले, बोलते ना, पण त्याला काही बोलत नाही, त्या पोरींनाच छळते. सासूबाईंनी एक शेंग फोडली आणि म्हणाल्या, "म्हणजे घरोघरी मातीच्या चुली." त्या दिवसापासून ग्रीक देव आमच्या घरचे झाले.

पण दाजींचा खरा पराक्रम हा नव्हे. त्यांनी बहरीनमध्ये ग्रीक दशावतार सुरू केला. होय, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. कोकणातले ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, कुक अशी मंडळी जमवली. गावाहून पखवाज आणला, पायपेटी आणली, मुकुट इथेच पुठ्ठ्याचे केले. आमच्या मराठी मंडळाचा हिवाळ्यात शुक्रवारी कार्यक्रम असतो, त्यात दरवर्षी एक आख्यान. सुरुवातीला गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, रीतसर आरती होते, कारण दाजींचं मत असं की गणपतीला नमन केल्याशिवाय झ्यूसच काय, कुणीच स्टेजवर पाऊल ठेवू नये. मग पखवाजावर थाप पडते आणि भगवी दाढी, जरीचा अंगरखा अशा थाटात झ्यूस एका बाकड्यावर येऊन बसतो. ते बाकडं म्हणजेच ऑलिंपस पर्वत. एका वर्षी कुणाची तरी गावाहून आलेली आई उठून थेट स्टेजवर गेली आणि झ्यूसच्या पाया पडली. झ्यूस होता खेडकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर. त्याच्यावर त्याचा असा परिणाम झाला की नंतर बरेच दिवस त्याने सिगारेटला हात लावला नाही.

ज्यांना दशावतार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. या नाटकाचे संवाद लिहिलेले नसतात. आधी फक्त गोष्ट सांगतात, तू अमुक राजा, तू अमुक राक्षस, शेवटी तू मरायचंस. बाकी बोलायचं ते स्टेजवर, तिथल्या तिथे, स्वतःच्या अकलेने. समोरच्याने प्रश्न टाकला की उत्तर सुचलं पाहिजे. त्यात चांगला नट तो, जो वादात जिंकता जिंकता गोष्टीसाठी हरतो. आमच्याकडे ही शेवटची गोष्ट जरा कच्ची आहे. ट्रॉयच्या युद्धाचं आख्यान होतं तेव्हा तोच खेडचा ड्रायव्हर हेक्टर झाला होता आणि इथल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन असलेला आमचा वसईचा मित्र अकिलीस. हेक्टरने मरायचं, हे ठरलेलं. पण मरण्याआधी हेक्टरने विचारलं, की बाबा रे, बायको पळाली तुमच्या राजाच्या भावाची, तुला काय पडलंय? इतकी वर्षं आमच्या दारात तळ ठोकून बसलायस, तुझ्या घरचं कोण बघतं? तुझ्या म्हाताऱ्या बापाला पेन्शन आहे का? अकिलीस नुसता आपला मुकुट सरळ करत राहिला. लोकांनी हेक्टरसाठी टाळ्या वाजवल्या. झालं, हेक्टर मरायलाच तयार होईना. तलवार छातीला लावली तरी उभा. शेवटी दाजी हेलनच्या साडीत आतून धावत आले आणि हेक्टरच्या कानात काहीतरी बोलले, तेव्हा कुठे तो गुडघ्यावर बसला. पाहुणा म्हणून आलेला ग्रीक शेफ पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या पिटत होता. आपल्या सगळ्या आयुष्यात हेक्टर इतका वेळ जगलेला आपण पाहिला नव्हता, असं त्याने दाजींना सांगितलं आणि डोळे पुसले. तो आता निवृत्त होऊन त्याच्या बेटावर परत गेला आहे.

आता मी सानिकाकडे येतो. सानिका दाजींची एकुलती एक मुलगी. जन्मली इथे, वाढली इथे, इंग्रजी शाळेत शिकली. दाजी तिला चेडू, म्हणजे पोरगी, म्हणतात, तिच्याशी मालवणीत बोलतात आणि ती उत्तर इंग्रजीत देते. गंमत अशी की दोघांनाही एकमेकांचं सगळं समजतं आणि दोघांपैकी कुणीही आपली भाषा सोडत नाही. लहानपणापासून या पोरीला दगड गोळा करायचा नाद. वाळवंटात सहलीला गेलो की बाकीची मुलं भज्यांवर तुटून पडायची आणि ही खाली वाकून खडे उचलायची. बारावी झाली आणि तिने जाहीर केलं की तिला खडकांचं, खाणींचं शास्त्र शिकायचं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थला तिला प्रवेशही मिळाला. फेब्रुवारीत कॉलेज सुरू होणार होतं आणि येते म्हणून कळवायची मुदत डिसेंबरच्या मध्यावर संपत होती. ताई, म्हणजे दाजींची बायको, तयार होती. आम्ही तयार होतो. फक्त दाजींचं हो यायचं होतं.

आणि दाजी हो म्हणत नव्हते. बरं, नाहीही म्हणत नव्हते, तो तर खरा त्रास. विषय काढला की गोष्ट सुरू. ताईने जेवताना विचारलं तर त्यांनी इकारसची गोष्ट सांगितली, तो मेणाचे पंख लावून उडाला आणि समुद्रात पडला. मी विचारलं तर ऑर्फियसची, की पाताळात गेलेलं माणूस मागे वळून बघितलं की नाहीसं होतं. पोरगी उडाली तरी पंचाईत, जमिनीखाली गेली तरी पंचाईत. इतकी वर्षं आम्हाला ज्या गोष्टींनी हसवलं त्यांच्याआड हा माणूस लपून बसला होता. सानिका एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "पप्पा, जस्ट से येस ऑर नो." दाजींनी तिच्याकडे बघितलं आणि उठून पेगाससमध्ये पाणी घालायला खाली गेले. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

त्या वर्षीचं आख्यान दाजींनी आधीच निवडून ठेवलं होतं. डिमीटर ही धान्याची, हिरवाईची देवी. तिची लेक पर्सिफनी. पाताळाचा राजा हेडीस लेकीला पळवून खाली नेतो. आई रागाने आणि दुःखाने पृथ्वीवर काही उगवू देत नाही. शेवटी झ्यूस निवाडा करतो. लेकीने पाताळातले डाळिंबाचे थोडे दाणे खाल्लेले असतात, म्हणून तिने निम्मं वर्ष खाली राहायचं आणि निम्मं वर्ष आईकडे. लेक खाली असते तेव्हा वर सगळं वठून जातं. शेफच्या देशात तेव्हा बर्फ पडतो. दाजींनी तिथे दुरुस्ती केली. बहरीनमध्ये लेक गेली की उन्हाळा पडतो, जून-जुलै-ऑगस्ट, बाहेर पाऊल ठेववत नाही असा. बघणाऱ्याला पटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि मला विचाराल तर मूळ गोष्टीपेक्षा ही दुरुस्तीच जास्त पटते. डिमीटर अर्थातच दाजी. झ्यूस तो खेडचा ड्रायव्हर. माझा आवाज जाड म्हणून हेडीस मी. आणि पर्सिफनी वसईचा अकिलीस करणार होता, पण आयत्या वेळी त्याची शिफ्ट बदलली. आता कोण, असा प्रश्न पडला तेव्हा कोपऱ्यात बसलेली सानिका म्हणाली की ती करेल. दशावतारात बाया नसतात, असं कुणीतरी पुटपुटलं. दाजींनी त्याला गप्प केलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नाटकात काम मागितलं होतं. तिला एवढंच बजावलं, "इंग्लिश एक शब्द नाय. आणि दाणे चार-पाचच खा."

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. गणपती झाला, आरती झाली, पखवाज घुमला. मी काळा अंगरखा, काळा मुकुट घालून आलो, पर्सिफनीला हाताला धरून बाकड्यावर बसवलं, तिच्या हातात अर्धं डाळिंब दिलं, आणि मग डिमीटर आली. दाजींनी मिशा काढल्या होत्या. हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि डोक्यावरून पदर घेऊन त्याचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. ते पद म्हणत लेकीला शोधत स्टेजभर फिरले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला, आणि लेक पळवणारा तर मी होतो.

मग वाद सुरू झाला. मी म्हटलं, माझ्या राज्यात सोनं आहे, हिरे आहेत, लेक राणी होऊन राहील. डिमीटर म्हणाली, "तुझ्या राज्यात ऊन नाय, वारो नाय, ताजो बांगडो नाय. माझा चेडू थंय खातला काय?" हॉल टाळ्यांनी दणाणला. लेक आजारी पडली तर वैद्य आहेत, असं मी म्हटलं, तर डिमीटरने विचारलं, पण कपाळावर हात ठेवायला कोण आहे? माझं दुकान तिथेच बंद झालं. ठरल्याप्रमाणे झ्यूस उठला आणि म्हणाला, "निम्मं वर्ष आईकडं, निम्मं वर्ष खाली. खलास." इथे आख्यान संपायला हवं होतं. डिमीटरने मान डोलवायची आणि दशावताराच्या शेवटी फुटते ती दहीहंडी फुटायची. पण डिमीटर वळली ती झ्यूसवर. "खलास म्हणणारो तू कोण? तुका तुझी पोरां तरी सगळी ठावक आसत काय?" लोक हसून हसून पडले. ज्याने अकिलीसला निरुत्तर केलं तो खेडचा ड्रायव्हर झ्यूसची दाढी खाजवत उभा राहिला. डिमीटर बोलतच होती. निम्मं वर्ष नाही, एक महिना नाही, एक दिवस नाही. माझी लेक मी देणार नाही, पृथ्वी वाळली तर वाळू दे. लोक अजून हसत होते, पण मी दाजींच्या जवळ उभा होतो. त्यांचा आवाज नाटकातला राहिला नव्हता. पखवाजवाल्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. आता हे आख्यान कसं संपणार, ते कुणालाच कळेना.

तेव्हा बाकड्यावर बसलेल्या सानिकाने डाळिंब उचललं आणि खायला सुरुवात केली. चार-पाच दाणे नव्हे. ती नखांनी सोलून मूठ मूठ तोंडात टाकत होती, रस हनुवटीवरून ओघळून साडीवर पडत होता, गाल फुगले होते, आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती. पहिल्या रांगेतली मुलं खिदळायला लागली. दाजी बोलता बोलता थांबले. म्हणाले, "गो, कितक्या खातंस?" सानिकाने तोंडातलं सगळं गिळलं. आणि मग ती बोलली, मालवणीत. त्या पोरीच्या तोंडून त्या भाषेतलं एक अख्खं वाक्य त्या दिवसाआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"आई, माका कोणी ओढून न्हेवक नाय. मी माझ्या पायान गेलंय. माका जमनीखाली काय आसा ता बघूचा आसा."

हॉलमध्ये काही जण हसले, त्यांना वाटलं हा संवादच आहे. विंगेत उभ्या असलेल्या ताईने तोंडावर हात धरला. दाजी लेकीकडे बघत उभे. मला वाटलं, आता ते आत निघून जातील, पेगाससमध्ये पाणी घालायला गेले तसे. ते पुढे गेले. लेकीसमोर वाकले, मुठीतला पदर सोडवला आणि तिची हनुवटी पुसली. डाळिंबाचे लाल डाग त्या हिरव्या पदरावर उमटले.

"खा," ते म्हणाले. "सावकाश खा. पण हयसर थंडी पडली की घराक येवचा. ता मी सोडूचंय नाय."

सानिकाने मान डोलवली. दाजींनी आणखी एकदा तिचं तोंड पुसलं, मग उठून लोकांकडे वळले, एक हात कमरेवर ठेवला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तर मंडळी, ह्येच्यासाठी बहरिनात उन्हाळो." टाळ्या थांबेनात. दहीहंडी फुटली, झ्यूसला हायसं वाटलं, आणि मी तो काळा मुकुट काढून विंगेत जाऊन एका खुर्चीवर बसलो. ताई शेजारी येऊन बसली. म्हणाली, तो पदर धरायची रीत बघितलीत? ती यांच्या आईची. दाजी पहिल्यांदा गल्फला निघाले तेव्हा त्या माउलीने एसटी स्टँडवर पदर असाच मुठीत धरला होता आणि गाडी हलेपर्यंत तो सोडला नव्हता. इतकी वर्षं दाजींनी आम्हाला जगातल्या सगळ्या देवांच्या आया सांगितल्या, पण ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्थला कळवून झालं. फेब्रुवारीत सानिका गेली. विमानतळावर दाजींनी तिला एक शब्दही इंग्रजी बोलू दिला नाही आणि तिनेही बोलायचा प्रयत्न केला नाही. मग उन्हाळा आला, दरवर्षी येतो तसाच, स्टिअरिंगला हात लावता येत नाही असा. पण यंदा दाजींनी त्या उन्हाळ्याचा मोठेपणा काय वर्णावा! रिसॉर्टमधल्या पाहुण्यांनी उकाड्याची तक्रार केली की ते मान खाली घालून म्हणायचे की याला थोडंफार मीच जबाबदार आहे, माझी मुलगी बाहेर आहे. पाहुणे चक्रावून जायचे. जुलैत एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर हॉलमधला एसी घरघरत होता आणि दाजी व्हिडिओ कॉलवर लेकीशी बोलत होते. ती तिकडून जमिनीखाली कुठेतरी उतरून आली होती, डोक्यावर हेल्मेट होतं आणि मागे पिवळसर खडक. ती त्यांना त्या खडकाचं वय सांगत होती, मालवणीत, मोडकंतोडकं, मध्येच अडत, आणि दाजी तोंडाचा आ करून ऐकत होते. या घरात पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी गोष्ट सांगत होतं. मी हळूच दार लावून घेतलं आणि निघालो.

परवा सकाळी दाजींचा फोन आला. नोव्हेंबर संपत आलाय, पण यंदा हवा अजून पालटलेली नाही. मी कामावर निघायच्या घाईत होतो. ते एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, एसी बंद केलंय. चेडू इमानात बसला." आणि फोन ठेवला. एरवी फोनवर निदान एका देवाचं तरी कुळ सांगितल्याशिवाय ते ठेवत नाहीत.

बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, कुणाचा फोन, काय म्हणाले. खरं तर चांगलंच उकडत होतं. मी उठलो, आमचाही एसी बंद केला आणि खिडकी उघडली.